देऊन टाकलेली चाल

तापून लाल झालेले पोलाद तेलात बुडवले की एक वास उठतो. जळका, जाड, किंचित गोडसर. करपलेल्या पाकासारखा तो टाळूला चिकटून बसतो. चिंचणीच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असताना हा वास खिडकीतून आत यायचा, दोरीवरच्या साडीत शिरायचा, उशीच्या अभ्र्यात मुक्काम करायचा. वारा बोईसरकडून असेल तर त्यात कारखान्यांचा आंबूस वायू मिसळे, समुद्राकडून असेल तर वाळत्या बोंबलांचा उग्र दर्प. मी घाटावरची. बोईसरच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलेली. पहिले काही महिने नाकाला पदर लावूनच वावरले. मग एका दुपारी त्या वासाच्या मागोमाग खालून गिटारीची एक सैल तार वाजली आणि मी पदर खाली घेतला, तो कायमचा.

खाली विनायक राहत असे. दागिन्यांचे साचे कोरणारा. तिकडे या उद्योगाला सरळ 'डायचं काम' म्हणतात. चिंचणी-तारापूरच्या घराघरांत, पडवीच्या खिडकीशी, माणसे मान मोडून बसलेली दिसतात. मुठीत मावेल एवढा पोलादी ठोकळा, डोळ्याला भिंग, हातात काडीएवढी छिन्नी. त्या ठोकळ्यात फूल, वेल, मोराची मान उलटी कोरायची, मग तो तापवून तेलात बुडवून कडक करायचा. पुढे मुंबईचा सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठोकतो आणि फूल सुलटे होऊन वर येते. 

"आमी नुसता खड्डा करतो, मॅडम," विनायक मला पहिल्या भेटीत म्हणाला. "फूल दुसऱ्याकडं जाऊन होतं."

चाळिशीच्या अलीकडचा माणूस. लग्न केलेले नव्हते. छिन्नी धरून धरून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता, आणि भिंगाच्या कडेने एका डोळ्याभोवती तांबूस वर्तुळ उमटलेले असे. गिटार त्याच्याकडे आली ती अणुवीज केंद्राच्या वसाहतीतून. बदली झालेल्या कुणा अभियंत्याने ती मागे ठेवली होती. खाऱ्या हवेत तारा गंजतात, म्हणून विनायक त्या साच्यांच्याच तेलाने पुसायचा. तारा तो नेहमी सैल ठेवी. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "ताणली का तार पोट भरल्यासारखी बोलते. आपल्याला उपाशी पायजे."

गाणी तो स्वतः लिहायचा, चाल स्वतः लावायचा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर स्वतःच टाकायचा. सोबत वाद्ये नाहीत, कोरस नाही. एक आवाज, एक गिटार आणि मध्ये पुष्कळ मोकळी जागा. एका गाण्यात बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या ओल्या भिंती होत्या, बाकी काही नाही. दुसऱ्यात एक म्हातारी एस.टी.च्या थांब्यावर बसते. गाडी येते, जाते, ती बसूनच राहते. प्रत्येक गाण्याच्या चित्राच्या जागी तो एखाद्या साच्याचा शिशावर घेतलेला ठसा लावी. करडे पान, करडी कळी. स्वतःचा चेहरा कधी नाही.

गावाला ही गाणी सोसत नसत. समोरच्या ओट्यावर बोंबील निवडणारी जानकीमावशी त्याला ऐकवायची, "अरे विनू, तुझं गाणं लागलं न् माझे बोंबील सुकायचेच थांबले बघ! वल्लेच्या वल्ले!" हळदीच्या कार्यक्रमांना गावातल्या सगळ्या गळ्यांना आमंत्रण असे, याला मात्र नसे. "याला बोलावलं तर नवरी मांडवातनं माघारी जाईल," असे पोरे म्हणत. विनायक हसायचा. त्याला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. कुणी येऊन म्हणाले, की तुझे गाणे ऐकून रडू आले, तर त्याचा चेहरा पडे. "म्हणजे कायतरी जास्त झालंय," तो म्हणायचा. "गप्प झाला असता तर बरं होतं. रडणं वेगळं, गाणं वेगळं. रडताना सूर लागत नाय."

हे तो कशाच्या आधारावर बोलतो, ते मला उशिरा कळले. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्याचा थोरला भाऊ दीपक गेला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तो ऑपरेटर होता. रिॲक्टर फुटला तेव्हा चिंचणीपर्यंत खिडक्या थरथरल्या, असे जानकीमावशी सांगे. घरात मागे राहिली दीपकची बायको कल्पना आणि त्यांची बालवाडीतली मुलगी सई. कारखान्याने कल्पनावहिनींना त्याच आवारात, पॅकिंग खात्यात, कंत्राटावर घेतले. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी कंत्राटी माणसांना पिवळी, कायम झालेल्यांना निळी. दरवर्षी कंत्राट संपायच्या सुमारास वहिनींना जेवण जात नसे. साहेब म्हणत, पुढल्या वर्षी पर्मनंट करू. पुढले वर्ष यायचे आणि पट्टी पिवळीच राही. घराचा आधार काय तो ती पट्टी आणि विनायकची छिन्नी. आणि सोन्याचे साचे हल्ली यंत्रावर कोरले जाऊ लागले होते, त्यामुळे छिन्नीचा भरवसा दिवसेंदिवस आटत चालला होता.

त्या घरात दीपकविषयी कुणी बोलत नसे. बोलायचे ते गाणे, आणि ते गाणे जन्माला येताना मी वरून ऐकले.

सुरुवातीला ते लांबलचक होते. त्यात आभाळ होते, देव होता, धूर होता, कंपनी होती, आईची कूस होती. दर दिवशी त्यातून काहीतरी नाहीसे व्हायचे. आज देव गेला. चार दिवसांनी धूर गेला. खाली छिन्नीची टकटक चाले आणि मध्येच थांबून तो एखादी ओळ म्हणून बघे, तर ती कालच्यापेक्षा आखूड असे. जणू गाणेही तो त्या ठोकळ्यातूनच कोरून काढत होता. एका सकाळी जिन्याखाली उभा राहून त्याने हाक मारली.

"मॅडम, तुमी कविता शिकवता. एक सांगा. 'दादा' हा शब्द काढला, तर कळंल का कुणाचा डबा?"

"कळेल," मी म्हणाले.

"मंग काढतो."

गाण्याचे पहिले कडवे शेवटी असे उरले :

डबा तेवढा परत आला,
झाकण घट्ट लावलेलं.
घास कुणी मोडला नाही,
ऊन त्यात मावळलेलं.

चाल अतिशय सावकाश. दुसऱ्या ओळीच्या अखेरीला आवाज खाली उतरायचा आणि तिसरी ओळ सुरू होण्याआधी तो इतका थांबायचा, की ऐकणाऱ्याला वाटावे, हा आता पुढे गाणार नाही. मग गायचा.

हे गाणे ध्वनिमुद्रित कुठे करायचे, हा प्रश्न होता. घरात छिन्न्या, रस्त्यावर रिक्षा, मागे समुद्र. मासेमारी बंद असण्याच्या महिन्यांत खाडीच्या चिखलावर बोटी टेकवून ठेवलेल्या असतात. जनूतात्या नावाच्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या बोटीत मासे आणि बर्फ ठेवायचा खण होता. बर्फ टिकावा म्हणून त्याच्या भिंती जाड, आतून गुळगुळीत अस्तराच्या. त्या खणात झाकण लावले की बाहेरचा आवाज मेल्यासारखा थांबतो, हे विनायकने हेरले होते. 

आम्ही गेलो. मी आणि जनूतात्या वर फळ्यांवर बसलो, विनायक गिटार आणि मोबाइल घेऊन खणात उतरला.

"झाकण उघडं ठेव रे," तात्या ओरडला. "आत हवा नाय. गाता गाता जाशील न् माझी बोट बदनाम होईल."

"लावा झाकण," आतून आवाज आला.

"मॅडम, तुमी सांगा याला!"

"लावा, तात्या."

झाकण लागले. मग काही ऐकू येईना. फक्त माझ्या तळव्यांखालची फळी अगदी बारीक कंप पावत होती, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी. तात्याने दोनदा झाकणावर ठोकले, दोनदा आतून उलटे ठोकल्याचे उत्तर आले. विनायक वर आला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. तो घोटभर पाणी प्याला. "झालं," म्हणाला. "जरा माशाचा वास राह्यला गाण्यात. राहू दे."

त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा विनायक कळणार नाही. त्याच्याकडे मुंबईच्या एका पेढीचा माणूस यायचा. एकदा त्याने पिशवीतून एक कर्णफूल काढून विनायकसमोर ठेवले. दुसऱ्या सोनारासाठी विनायकनेच कोरलेल्या साच्यातले ते होते.

"हेच बनव. तुझंच तर आहे."

"माझं नाय," विनायक म्हणाला.

"अरे, तूच कोरलंस ना?"

"कोरलं. दिलं. साचा दिला का नक्षी गेली. आता मी ती माझ्या वैनीसाठीपण काढायचा नाय."

तो माणूस हसत बसला. बाहेर पडताना जानकीमावशीला म्हणाला, "मावशी, डोक्याला ऊन लागलंय काय याच्या?" किनाऱ्यावरच्या जुन्या कारागिरांचा हा नियम. आता तो कुणी पाळत नाही. विनायकच्या वडिलांनी त्याला छिन्नी दिली तेव्हा हा नियमही दिला होता. दिलेल्या साच्याचा शिशावरचा ठसादेखील तो वितळवून टाकायचा, आणि गाण्यांच्या चित्रांसाठी फक्त न विकलेल्या साच्यांचे ठसे वापरायचा. ही त्याची शिस्त मला तेव्हा देखणी वाटली होती.

पालघरला एका वाचनालयाने नव्या गाण्यांची संध्याकाळ ठरवली आणि विनायकला बोलावले. लोकांसमोर तो पहिल्यांदाच गात होता. सभागृहात पंखे, वेफर्सच्या पुड्या, मागच्या रांगेत कॉलेजची पोरे. पहिल्या गाण्यानंतर मागून आवाज आला, "दादा, नाचायचं काहीतरी होऊ द्या!"

विनायकने मान वर केली. "नाचा की. मी थांबवलंय का?"

हशा झाला. तो ओसरायच्या आत त्याने 'डबा तेवढा परत आला' सुरू केले. दुसऱ्या ओळीनंतरच्या त्या थांबण्यात सगळे सभागृह थांबले. त्या भागात असे घर क्वचितच सापडेल, जिथून कुणी डबा घेऊन कारखान्यात जात नाही. कुणी रडले नाही. टाळ्याही लगेच वाजल्या नाहीत. त्या वेळी विनायकच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी नंतर कधीच पाहिले नाही. कुणीतरी ते मोबाइलवर टिपले, पुढे पाठवले, आणि आठवड्याभरात बोईसरच्या चहाच्या टपऱ्यांवर ती चाल ऐकू येऊ लागली.

मग एका संध्याकाळी कल्पनावहिनी कामावरून आल्या आणि चपला न काढताच पायरीवर बसल्या. मी जिन्यात होते. विनायक खिडकीशी.

"भाऊजी, साहेबांनी बोलावलं होतं."

टकटक थांबली. "गाण्यापायी?"

"हां."

"काढून टाकतो, वैनी. आत्ता काढतो."

"काढायला नाय सांगितलं." वहिनी ओळखपत्राची पिवळी पट्टी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "आवडलं म्हणाले. सुरक्षा सप्ताहाला पायजे त्यांना. चाल हीच ठेवायची. शब्द तेवढे हेल्मेटचे, बुटांचे, असे बसवून द्यायचे. चाल लोकांच्या तोंडात बसलीय, फायदा होईल, म्हणाले." त्या जरा थांबल्या. "न् माझे पर्मनंटचे कागद यंदा वर पाठवतायत, असंपण म्हणाले. दोन्ही एकाच दमात."

"तुमी काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? विचारून सांगते म्हणाले."

विनायकने भिंग काढून सदऱ्याला पुसले. "कधी पायजे?"

मला राहवले नाही. मी खाली उतरले. "विनायक, नाही म्हणा. निदान दुसरी चाल द्या. ही नको."

"दुसरी त्यांनी ऐकली नाय, मॅडम. गिऱ्हाईक नमुना बघून मागतं."

"हे गिऱ्हाईक आहे? ज्यांच्या आवारात..."

"तुमी चिडा," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या वाटचं पण चिडा. वरच्या मजल्यावरून बरं जमतं."

वहिनी उठल्या आणि आत गेल्या. आतून नळाचा आवाज येऊ लागला.

विनायकने ते काम चोख केले, हेच मला जास्त बोचले. त्याने शब्द टाकाऊ लिहिले असते तर मी त्याला मनातल्या मनात माफ केले असते. पण तसे करणे त्याच्या हाताला ठाऊक नव्हते. पहिल्या खर्ड्यात त्याने एका कडव्यात डबा ठेवला होता. संध्याकाळी घरी परतणारा रिकामा डबा. साहेबांनी वहिनींकडून निरोप धाडला : 'डबा नको, निगेटिव्ह वाटतो.' डबा गेला. उरले ते असे :

हेल्मेट डोक्यावरी हवं,
पट्टा घट्ट लावलेला.
घरी कुणी वाट पाहतं,
जीव त्यात गुंतलेला.

सुरक्षा सप्ताहाच्या समारंभाला घोषवाक्य स्पर्धेची परीक्षक म्हणून मला बोलावणे आले, आणि वहिनींच्या आग्रहामुळे मी गेले. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. फुगे, फलक, प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. आवारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे, म्हणून व्यासपीठावर आम्ही सगळे पिवळ्या टोप्या घालून बसलो होतो, आणि विनायक गायला उभा राहिला तोही पिवळे हेल्मेट घालूनच. सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः येऊन त्याच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला. जबडा पुरता उघडेना. तशाच आवळलेल्या जबड्याने तो गायला.

चाल तीच. उतरायची तिथेच उतरणारी. आणि दुसऱ्या ओळीनंतरचा तो थांबा. मी डोळे मिटू शकत नव्हते, कारण मी व्यासपीठावर होते. बायकांच्या रांगेत कल्पनावहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. जिथे रिॲक्टर फुटला होता ती जागा मांडवाच्या मागेच कुठेतरी असावी. तिथे आता नवे, चकचकीत पत्रे होते. गाणे संपले, टाळ्या वाजल्या. वहिनींनीही वाजवल्या. बाकीच्यांपेक्षा कमी नाही, जास्त नाही.

"बहोत बढ़िया!" मोठे साहेब ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. "एकदम दिल को छू गया. इसको तो रोज़ बजाएँगे, शिफ़्ट चेंज पे."

फाटकाबाहेर विनायक भेटला. हेल्मेटने केस चपटे झाले होते, हनुवटीखाली पट्ट्याचा लाल वळ उठला होता. मला वाटले, आता तो काहीतरी बोलेल.

"सूर बरोबर होता ना, मॅडम?" त्याने विचारले. "पट्ट्यामुळं खाली गेला असं वाटलं."

"बरोबर होता," मी म्हणाले. बरोबरच होता.

साहेबांनी शब्द पाळला. गाणे रोज वाजू लागले. माझ्या वर्गाच्या खिडकीतून पाळी बदलण्याच्या वेळी ते ऐकू यायचे. मी फळ्यापाशी एखादी ओळ उलगडत असायचे आणि मागची पोरे बाकांवर ताल धरायची. आठवडाभरात त्यांनी त्यावर स्वतःचे टवाळ शब्दही बसवले. जानकीमावशी खूश झाली : "आता कसं! शाणा झाला विनू. हसतं-खेळतं म्हणतो."

आणि वहिनींच्या गळ्यात निळी पट्टी आली. त्या दिवशी त्यांनी घरात पेढे वाटले. पेढा हातात घेऊन मी विनायकला म्हणाले, "आता काम झालं. आता तरी आपलं गाणं परत गा."

"कुठलं आपलं?"

"डब्याचं."

त्याने माझ्याकडे पाहिले. पेढीच्या त्या माणसाकडे त्याने ज्या नजरेने पाहिले होते, तीच नजर. "ते दिलं, मॅडम."

"चाल दिली. शब्द कुठे दिले?"

"चालच साचा असतो. शब्द म्हणजे पत्रा. त्यांनी त्यांचा ठोकला." मग हलकेच म्हणाला, "तुमच्या मोबाइलमंदी हाय ना, मी धाडलेलं, ते बोटीतलं?"

"आहे."

"पुसा."

मी खूप बोलले. म्हणाले, सोनाराचा नियम सोनाराशी. इथे कुणी तुमचा नियम पाळलेला नाही, कुणी तुमच्याशी सचोटीने वागलेले नाही. तो ऐकत उभा राहिला. "त्यांनी दिलं ना ठरलेलं?" एवढेच म्हणाला. त्याच्यासमोर मी ते पुसले. इंटरनेटवरून त्याने ते आधीच काढले होते. पालघरच्या कार्यक्रमाचे चित्रण लोकांच्या मोबाइलमधून हळूहळू, जसे सगळेच जाते, तसे गेले. वरच्या चार ओळी तेवढ्या माझ्या स्मरणात आहेत, आणि त्या मी इथे लिहिल्या हे त्याला रुचणार नाही.

दीपकच्या तिथीला एकदा वहिनी मोरीत भांडी घासत होत्या. घासता घासता त्या गुणगुणू लागल्या. आधी नुसती चाल. मग शब्द आले. हेल्मेटचे नव्हेत. 'घास कुणी मोडला नाही...' खिडकीशी टकटक थांबली.

"वैनी, नको."

पाणी वाहत राहिले. मग वहिनींचा आवाज आला, असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माझा नवरा होता तो, भाऊजी. तुमचा साचा नव्हता. मी निरोप आणला होता, तुमचं गाणं मागितलं नव्हतं. तुमीच दिलंत, सगळंच्या सगळं. माझ्यापुरतंपण ठेवलं नाय."

बऱ्याच वेळाने छिन्नी सुरू झाली. त्या घरात त्यानंतर ती चाल कुणी गुणगुणली नाही, आणि विनायकने दुसरे गाणेही केले नाही. मी वाट पाहत असे. पोलाद तापायचे, तेलात उतरायचे, वास वर यायचा, मी हातातले काम थांबवायचे. पुढे काही वाजत नसे. गिटार भिंतीवर होती. तारा तो पुसत होता की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचे धाडस झाले नाही. लाथाडलेला माणूस कडवट होतो, ते समजते. हा माणूस आपल्याच खरेपणाने आतून पोखरला गेला होता, आणि ज्यांच्यासाठी तो खरा राहिला त्यांना असा काही नियम जगात असतो याचा पत्ताही नव्हता.

पुढे माझी बदली पालघरला झाली. काही वर्षे गेली. मागच्या वर्षी पालघरजवळच्या माहीमला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून चिंचणीला उतरले. जानकीमावशीचा ओटा रिकामा होता. ती लेकीकडे गेल्याचे कळले. घराला नवा रंग, दारात वहिनींची स्कूटर. खिडकीशी विनायक तसाच बसला होता, खांदा आणखी उतरलेला, डोळ्याला आता दोन भिंगे. काम फारसे नव्हते. यंत्रावर बनलेल्या साच्यांच्या कडा घासून द्यायचे काम तो करत होता. गिटार भिंतीवर दिसली नाही.

वहिनींनी गवती पात घालून चहा ठेवला. बोलणे हवापाण्याचे झाले. तेवढ्यात सई आली. ओळखू येणार नाही एवढी उंच झालेली, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. बापाचे नाक, बापाची हनुवटी. फोटोत मी ती पाहिली होती.

"मॅडमना गाणं म्हणून दाखव," वहिनी बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांचा हात कपबशीवर थबकला. पण सई तोवर उभी राहिली होती, स्पर्धेत उभी राहतात तशी, हात शरीराला लावून. शाळेत बक्षीस मिळाले होते म्हणे. तिने डोळे मिटले आणि सुरू केले. हेल्मेट डोक्यावरी हवं, पट्टा घट्ट लावलेला...

आवाज विनायकचा होता. तसाच, मोकळ्या जागेसकट. दुसऱ्या ओळीनंतर ती थांबली. कुणी शिकवले नसताना अगदी तेवढीच थांबली. मी विनायककडे पाहिले. कानस हातात होती, हात हलत नव्हता.

गाणे संपले. मी तिला जवळ घेतले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. हे गाणे कुणासाठी झाले, ते कुणाच्या डब्याचे आहे, हे या मुलीला एकदा कळले पाहिजे, इतकेच माझ्या मनात होते. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्या नको म्हणत नव्हत्या.

"सई," मी म्हणाले, "हे गाणं खरं कुणाचं आहे, ठाऊक आहे तुला?"

तिने नाही म्हणून मान हलवली आणि वळून काकाकडे पाहिले.

विनायकने भिंगे कपाळावर सारली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले, त्या तांबूस वर्तुळातल्या डोळ्याने, सरळ, आणि म्हणाला,

"कंपनीचं."